घरगुती बिअर यंत्रे : यंत्रापेक्षा पिंपाचा हिशेब महत्त्वाचा

बारमध्ये मिळणारी ताजी, फेसाळ ड्राफ्ट बिअर घरच्या स्वयंपाकघरातच मिळावी, या कल्पनेवर आधारलेली लहान यंत्रे गेल्या दोन दशकांत युरोप आणि अमेरिकेच्या बाजारपेठेत आली. त्यांपैकी काही टिकली, तर काही अल्पावधीतच बंद पडली. ही यंत्रे विकत घेण्याजोगी आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या किमतीपेक्षा त्यात बसणाऱ्या पिंपाच्या उपलब्धतेवर आणि ते किती दिवसांत संपते यावर अधिक अवलंबून असते.

ड्राफ्ट बिअर वेगळी का लागते?

बारमधील ड्राफ्ट बिअर धातूच्या पिंपातून साधारणपणे कार्बन डायऑक्साइड वायूच्या दाबाने तोटीपर्यंत आणली जाते. तिची चव टिकण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात. तापमान तीन ते चार अंश सेल्सिअसच्या आसपास असावे, वायूचा दाब स्थिर असावा आणि बिअरचा प्राणवायूशी संपर्क येऊ नये. प्राणवायू लागल्यास बिअर शिळी होते व तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. पिंपात प्रकाश शिरत नाही, हाही एक लाभ आहे. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतील बिअर उन्हात राहिल्यास तिला उग्र दर्प येतो. मात्र प्रकाशापासून असे संरक्षण साध्या कॅनमध्येही मिळते. त्यामुळे ड्राफ्ट बिअरचे वेगळेपण मुख्यत्वे फेसात, थंडाव्यात आणि स्वच्छ तोटीत असते.

लहान पिंपाची यंत्रे

या प्रकारातील दोन नावे युरोपात विशेष परिचित आहेत. एबी इनबेव्ह समूहाची ‘परफेक्टड्राफ्ट’ ही प्रणाली फिलिप्स कंपनीच्या सहकार्याने तयार झाली. तिच्यात सहा लिटरचे पिंप बसते. हायनेकेनने क्रुप्स कंपनीसह ‘बिअरटेंडर’ आणले, तर 2013 मध्ये याच दोन कंपन्यांनी ‘द सब’ हे यंत्र सादर केले. ऑस्ट्रेलियन रचनाकार मार्क न्यूसन यांनी त्याची रचना केली असून त्यात दोन लिटरची बाटलीवजा पिंपे वापरली जातात.

ही यंत्रे सामान्यतः एका बिअर समूहाच्या पिंपांशी जोडलेली असतात. एका प्रणालीचे पिंप दुसऱ्या प्रणालीत बसत नाही. एकदा उघडल्यावर परफेक्टड्राफ्ट आणि बिअरटेंडरचे पिंप साधारण 30 दिवस, तर ‘द सब’चे पिंप साधारण 15 दिवस ताजे राहते, असे उत्पादक सांगतात.

थंड करण्याची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. अशा अनेक लहान यंत्रांत फ्रिजप्रमाणे कॉम्प्रेसर नसतो. विजेच्या प्रवाहाने एक बाजू थंड व दुसरी बाजू गरम होणारी चकती त्यात बसवलेली असते. ती आवाज कमी करते, परंतु तिची क्षमता मर्यादित असते. खोलीच्या तापमानातील सहा लिटर बिअर थंड होण्यास अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागू शकतो. म्हणून पिंप आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये ठेवावे लागते. खोलीचे तापमान जितके जास्त, तितके यंत्राचे काम कठीण होते.

पिंपाचा हिशेब

सहा लिटरचे पिंप म्हणजे 650 मिलिलिटरच्या सुमारे नऊ बाटल्या, किंवा ब्रिटनमधील साडेदहा पाइंट. ते 30 दिवसांत संपवायचे झाल्यास रोज सरासरी 200 मिलिलिटर बिअर घ्यावी लागते. दोन-तीन प्रौढ व्यक्ती आणि अधूनमधून येणारे पाहुणे असतील, तर हे शक्य आहे. महिन्यातून दोनदा एखादा ग्लास घेणाऱ्याच्या घरी मात्र पिंपातील बरीचशी बिअर वाया जाते.

दुसरी बाजू आरोग्याची आहे. पाच टक्के मद्यार्क असलेल्या सहा लिटर बिअरमध्ये 300 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. ब्रिटनच्या मोजपद्धतीनुसार हे 30 युनिट होतात. तेथील आरोग्य अधिकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रौढांना आठवड्याला 14 युनिटपेक्षा अधिक न घेण्याचा सल्ला दिला. म्हणजे एका व्यक्तीने एक पिंप आठवड्याभरात संपवल्यास तिने या मर्यादेच्या दुपटीहून अधिक मद्यार्क घेतलेला असतो. मद्यार्काची कोणतीही मात्रा आरोग्यास पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले. उघडलेले पिंप मुदतीपूर्वी संपवण्याची घाई ही या यंत्रांची एक न दिसणारी किंमत आहे.

मोठ्या पिंपाचा फ्रिज

अमेरिकेत संपूर्ण पिंप मावेल असा फ्रिज, कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आणि तोटी अशी जुळणी घरी ठेवण्याची पद्धत रूढ आहे. तेथील मोठे पिंप सुमारे 58.7 लिटरचे असते. शीतपेयांच्या उद्योगातून आलेली सुमारे 19 लिटरची पिंपे घरी बिअर तयार करणारे हौशी लोक वापरतात. या पद्धतीत ग्राहक एका कंपनीला बांधला जात नाही. मात्र नळ्यांची स्वच्छता स्वतः करावी लागते. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशन ही संस्था दर दोन आठवड्यांनी नळ्या धुण्याची शिफारस करते. याशिवाय बंदिस्त खोलीत वायूची गळती धोकादायक ठरू शकते. त्यामुळे हवा खेळती असणे आवश्यक आहे.

फेस आणणारी उपकरणे

तिसऱ्या प्रकारातील उपकरणे कॅन किंवा बाटलीतील बिअरला केवळ फेस आणतात. गिनेस कंपनीने 2006 मध्ये ब्रिटनमध्ये ‘सर्जर’ हे ध्वनिलहरींवर चालणारे उपकरण आणले. अमेरिकेतील ‘फिझिक्स’ हे उपकरणही याच तत्त्वावर बारीक फेस तयार करते. मात्र हे काम आता कॅनच करू लागले आहेत. गिनेसच्या कॅनमधील नायट्रोजनयुक्त लहान गोळी प्रसिद्ध आहे. जपानच्या असाही कंपनीने 2021 मध्ये संपूर्ण झाकण उघडणारा आणि आतील पृष्ठभागामुळे आपोआप फेस आणणारा कॅन बाजारात आणला. अशा स्थितीत वेगळ्या उपकरणाची गरज फारशी उरत नाही.

कंपनी थांबली, तर यंत्रही थांबते

केउरिग डॉ. पेपर आणि एबी इनबेव्ह यांच्या ‘ड्रिंकवर्क्स’ या संयुक्त उपक्रमाने कॅप्सूलमधून कॉकटेल व बिअर देणारे यंत्र अमेरिकेत विकले. डिसेंबर 2021 मध्ये हा उपक्रम बंद झाला. घरच्या घरी बिअर आंबवणारी यंत्रे बनवणारी सिॲटलची ‘पिकोब्रू’ ही कंपनी 2020 मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद पडली आणि तिच्या यंत्रांसाठी लागणाऱ्या तयार घटकांच्या पाकिटांचा पुरवठा खंडित झाला. यंत्र धडधाकट असूनही त्यात घालण्याचे साहित्य न मिळणे, हा या खरेदीतील सर्वांत मोठा धोका होय.

भारतातील स्थिती

भारतात मद्यविषयक नियम राज्यांच्या अखत्यारीत येतात. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे, तर महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची किमान मर्यादा 21 वर्षे असून मद्य बाळगणे व पिणे यासाठी परवाना लागतो. युरोपप्रमाणे या यंत्रांच्या पिंपांचे घरपोच वितरण आणि रिकाम्या पिंपांची अनामतीवर परतफेड अशी व्यवस्था येथे रुजलेली नाही. ब्रिटन वा जर्मनीतून परतणाऱ्या कुटुंबाने यंत्र सोबत आणले, तरी ते रिकामेच राहण्याची शक्यता अधिक आहे. अमेरिकेतील 120 व्होल्टचे यंत्र तर येथील 230 व्होल्टच्या विजेवर थेट चालवता येत नाही.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

पिंप घराजवळ नियमित मिळते काय, प्रतिलिटर दर बाटलीच्या तुलनेत किती, उघडलेले पिंप मुदतीत सहज संपेल काय आणि कंपनी दुरुस्ती व सुटे भाग पुरवते काय, हे चार प्रश्न आधी विचारावेत. चारही उत्तरे अनुकूल असतील, तर लहान पिंपाचे यंत्र उपयोगी ठरू शकते. अन्यथा योग्य तापमानाला थंड केलेली बाटली, साबणाचा अंश नसलेला स्वच्छ ग्लास आणि प्रथम ग्लास तिरपा धरून, शेवटी सरळ करून ओतण्याची पद्धत यांतून ड्राफ्ट बिअरचा बराचसा अनुभव कोणत्याही यंत्राविना मिळतो.