शनिवार तेल्यांची मुले



आपल्या गावातून एखादे कुटुंब परदेशी जावयास निघते, तेव्हा वेशीपर्यंत पोचवायला सगळा गाव येतो. वडील माणसांना सल्ले मिळतात, शिदोरी मिळते. पोरांना मात्र कोणी काही सांगत नाही. "लहान आहेत, रुळतील," एवढे बोलून आपण मोकळे होतो. वास्तविक नव्या देशाशी पहिली गाठ पडते ती मुलांची, आणि तीही शाळेच्या दारात. त्यांना काय सांगावे, हे आपल्याच कोकणातल्या एका समाजाच्या इतिहासावरून पाहू.

अलिबागच्या उत्तरेस, थळ आणि किहीम यांच्या शेजारी, नवगाव नावाचे गाव आहे. फार पूर्वी तेथे एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरे, आपल्याकडचे मराठी ज्यू. गलबत नेमके कोणत्या शतकात फुटले यावर विद्वानांचे एकमत नाही, ते असो. परक्या किनाऱ्यावर ही माणसे कशी जगली, ते पाहण्यासारखे आहे.

त्यांनी तेलाचा घाणा घातला. मराठी बोली उचलली. बायका लुगडे नेसू लागल्या. गावावरून आडनावे पडली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर. कालांतराने हिब्रू भाषा ते विसरले. पण तीन-चार गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, 'शेमा' नावाची एक प्रार्थना आणि शनिवारचा विसावा. शनिवारी त्यांचा घाणा बंद म्हणजे बंद! म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. शेजाऱ्यांनी त्या शनिवाराची कधी कुचेष्टा केली नाही, हीही आपल्या कोकणची पुण्याई म्हणावयाची. पुढे अशाच चालीरीतींवरून इतर ज्यूंनी त्यांना ओळखले.

इंग्रजी अमदानीत हे लोक मुंबईस गेले. कोणी पलटणीत, कोणी रेल्वेत, कोणी कचेरीत लागले. १८७५ साली हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. मराठीतून धर्मग्रंथ छापले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. बुवा उभा राहावा, साकी-दिंडी म्हणावी, आणि आख्यान मात्र मोझेसचे!

१९४८ साली इस्रायलचे राज्य स्थापन झाले आणि पुढील दोन-तीन दशकांत या समाजातली बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. येथून कोणी त्यांना हाकलले नव्हते. आपल्या पूर्वजांच्या भूमीस जावे, या ओढीने ती गेली. बीरशेबा, लोद, रामला, अश्दोद आणि वाळवंटातले नवे गाव दिमोना येथे त्यांना घरे मिळाली.

आता त्या घरातला दहा-बारा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. कालपर्यंत तो मुंबईत मराठी पुस्तक वाचीत होता. येथे लिपी उजवीकडून डावीकडे. अक्षरे बावीस, पण आपल्यासारखी काना-मात्रा-वेलांटी नाही. मुळारंभाच्या पुस्तकात स्वरांच्या खुणा असतात, पुढे त्याही जातात. शब्द ठाऊक असला तर वाचता येतो, नाही तर अडला! प्रार्थनेतली हिब्रू त्याला थोडीफार येत असे. पण देवापुढची भाषा वेगळी आणि मैदानावर चेंडू मागावयाची वेगळी. ताटातही फरक. ते दिवस रेशनचे होते. भातावर वाढलेल्या पोरांपुढे पाव येई.

आणि सर्वांत मोठी गंमत शनिवारची. कोकणात शनिवार ही त्यांची खूण होती. इस्रायलमध्ये शनिवारी सगळा देशच विसावा घेतो. ज्या गोष्टीमुळे ते येथे वेगळे दिसत, तीच तेथे सर्वांची निघाली. उलट, येथे जे कोणाच्या ध्यानातही येत नसे, सावळा वर्ण, मराठी बोली, जेवणातली कोथिंबीर नि नारळ, त्यावरून तेथे ते 'हिंदी' ठरले. येथे ते ज्यू होते, तेथे मराठी झाले!

हे सोपे गेले नाही. रंगावरून दुजाभाव होतो, अशी तक्रार करून काही कुटुंबांनी सत्याग्रह केला आणि १९५२ साली ती मुंबईस परतली. त्यांपैकी बऱ्याच जणांची पुन्हा घालमेल झाली, आणि ती परत इस्रायललाच गेली. पुढे १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने असा आदेश काढला, की बेने इस्रायल मुलामुलींचे इतर ज्यूंशी लग्न लावताना त्यांच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी व्हावी. ज्यांनी शेकडो वर्षे शनिवार पाळला, त्यांनाच कुळाचा दाखला मागितला गेला. समाज गप्प बसला नाही. मोर्चे निघाले, धरणे धरले गेले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू मानणारा ठराव केला आणि आदेशातले बेने इस्रायलांचे नाव पुढे काढावे लागले.

या इतिहासातून परदेशी निघालेल्या मुलांना काय सांगावयाचे? मुलांनो, पहिली गोष्ट, तिथली भाषा पोटभर शिका, आणि ती खेळाच्या मैदानावर शिका. चुकाल, पोरे हसतील. हसू द्या. चुकत चुकतच जीभ वळते. त्या नवगावच्या चौदा जणांनी मराठी उचलली नसती, तर त्यांचा घाणा चालला नसता.

दुसरी गोष्ट. मुलांची जीभ लवकर वळते, आईबापांची उशिरा. मग दवाखान्यात, कचेरीत, दुकानात मुलगाच आईचा दुभाष्या होतो. अशा वेळी मनात येते, आईला एवढेही येत नाही! हा विचार आला की त्याला तिथेच थांबवा. त्याच आईने तुम्हाला बोलावयास शिकविले. तिला चार शब्द शिकविणे हे उपकार नव्हेत, परतफेड आहे.

तिसरी गोष्ट शिक्षकांनाही सांगतो. मुलाची जुनी भाषा ही त्याच्या पायातली बेडी समजू नये. इस्रायलमध्ये वडील पिढीने मराठी टिकविली, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तिथून निघाले. पण खरे ते सांगितले पाहिजे. तिथेच जन्मलेल्या पुष्कळ नातवंडांना आजीचे मराठी कळते, वाचता मात्र येत नाही. दोष त्यांचा नाही. शाळेत जिला जागा नाही, ती भाषा घरातही हळूहळू स्वयंपाकघरापुरती उरते. आज ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाचे मूल किंवा परप्रांतातून आलेल्या मजुराचे मूल तुमच्या वर्गात असेल. त्याच्या भाषेतला एखादा शब्द फळ्यावर लिहा. त्याला वाटेल, आपल्यालाही येथे जागा आहे.

चौथी गोष्ट. अन्याय झाला तर तो मुकाट्याने गिळू नका. घरी सांगा. मोठ्यांनीही ऐकून घ्यावे. "परक्याच्या देशात सोसायचेच असते," असे म्हणून मुलाला गप्प करू नये. १९६४ चा ठराव गप्प बसून मिळाला नाही.

शेवटची गोष्ट ही, की सगळे जुने बरोबर नेता येत नाही. नेऊही नये. थोडे न्यावे, पण ते घट्ट धरावे. बेने इस्रायल घरांत आजही नवस फेडावयाचा असला किंवा लग्नकार्य निघाले, की 'मलिदा' करतात. गोड कालवलेले पोहे, वर ओले खोबरे, भोवती फळे. आणि एलिया प्रेषिताचे स्मरण. कोकणचे पोहे दिमोनाच्या वाळवंटात पोचले आणि टिकले. पूर्वी त्यांनी एक शनिवार धरून ठेवला होता, आता पोह्यांचे ताट धरले आहे.

तेव्हा तुमच्या गावातले मूल दूरदेशी निघेल, त्या दिवशी त्याच्या हाती खाऊचा पुडा द्याच. पण जवळ बसवून एवढेही विचारा, "बाळ, तू येथले काय धरून ठेवणार आहेस?" उत्तर त्याचे त्यालाच शोधू द्या.