कॉर्नवॉलचा तक्ता आणि आमचं रिकामं विकी

गेल्या महिन्यात आमच्या चाळीस जणांच्या कंपनीतला एक सीनिअर सोडून गेला. त्याच्याबरोबर अख्खं बिलिंग मॉड्यूलच गेल्यासारखं झालंय, कारण ते फक्त त्यालाच कळायचं. विकी आहे हो, पण त्यावर लिहितो कोण? मग वरून मेल आली, "नॉलेज शेअरिंग वाढवा." असो. त्यावरून मला कॉर्नवॉल आठवलं.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा हा भाग. तिथे तांब्याच्या आणि कथलाच्या खाणी होत्या. खाणीत साचणारं पाणी उपसायला वाफेचं इंजिन लागायचं आणि कोळसा यायचा समुद्रापलीकडून, वेल्समधून. म्हणजे महागच! जेम्स वॉटच्या इंजिनाने कोळसा वाचला खरा, पण बचतीचा एक तृतीयांश हिस्सा रॉयल्टीत जायचा. 1769 चं त्याचं पेटंट संसदेने 1800 पर्यंत वाढवून दिलं होतं. मध्येच कुणी वेगळं इंजिन बनवलं की कोर्टकचेरी.

पेटंट संपलं, वॉटची माणसं परत गेली आणि इंजिनांची देखभाल ढिली पडली. मग 1811 मध्ये जोएल लीन नावाच्या खाण-व्यवस्थापकाने दर महिन्याला एक तक्ता काढायला सुरुवात केली. खाण कुठली, इंजिनिअर कोण, एक बुशेल कोळशात किती पाणी उपसलं. बस्स!

1812 मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकने व्हील प्रॉस्पर खाणीत जास्त दाबाच्या वाफेचं इंजिन बसवलं आणि त्याचं पेटंट घेतलंच नाही. बाकीच्यांनी ते बघितलं, उचललं, सुधारलं. 1840 च्या दशकात तक्त्यातली सरासरी सुरुवातीच्या तिपटीच्या वर गेली होती.

आता ही मंडळी काय संत होती? मुळीच नाही. एकेका भागधारकाचे पैसे अनेक खाणींत असायचे, त्यामुळे शेजाऱ्याचा फायदा तो आपलाही. आणि इंजिनिअर एका खाणीला बांधलेले नसत. तक्त्यात नाव वर, तर पुढचं काम पक्कं.

'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस' हा शब्द लेव्ह आणि वेंगर यांनी 1991 मध्ये रूढ केला. लीनला तो ठाऊक असायचं कारणच नाही. त्याला एवढं कळलं होतं, की सांगणाऱ्याचं नाव आणि कामाचा आकडा शेजारी शेजारी दिसले, की माणसं आपणहून सांगतात.

आमच्या विकीवर ना नाव, ना आकडा. सोमवारपासून एक साधा तक्ता लावतोय: बिलिंगचा रात्रीचा जॉब किती मिनिटांत संपला, कोणी काय बदललं. पहिली ओळ माझी, आणि आकडा काही फार बरा नाहीये. बघू, दुसरी ओळ कोण लिहितं ते.