आकार लक्षात ठेवणाऱ्या धातूचे गणित

वाकवल्यानंतर तापवले की मूळ आकारात परतणाऱ्या मिश्रधातूंना आकारस्मृती मिश्रधातू म्हणतात. सोने-कॅडमियमच्या मिश्रधातूत हा गुण चँग आणि रीड यांनी १९५१ मध्ये नोंदवला होता; पण तो खऱ्या अर्थाने कामाला लागला निकेल-टायटॅनियममुळे.

१९५९ च्या सुमारास अमेरिकेत मेरीलँडमधील नौदल आयुध प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता सोसणारा धातू शोधत होते. निकेल-टायटॅनियमचा थंड गज काँक्रीटच्या जमिनीवर टाकला की बद्द आवाज येई, गरम गज मात्र घंटेसारखा खणखणे. गरम गज पाण्याने थंड केला की त्याचाही आवाज बद्द होई. तापमानाबरोबर अणूंची मांडणीच बदलत असणार, हे ब्यूलर यांनी त्यावरून ओळखले. पुढे १९६१ मध्ये एका बैठकीत घड्या घातलेली पट्टी सर्वांच्या हातांतून फिरत असताना डेव्हिड मझी यांनी तिला लायटरची ज्योत लावली आणि पट्टी झरकन सरळ झाली. थंडपणीची मार्टेन्साइट रचना जाऊन ऑस्टेनाइट रचना आल्याचा तो परिणाम होता. या मिश्रधातूला नितिनॉल हे नाव मिळाले.

पहिला मोठा उपयोग एफ-१४ लढाऊ विमानात झाला. हायड्रॉलिक नळ्या जोडणारी कडी द्रव नायट्रोजनमध्ये थंड ठेवून रुंद केलेली असत. नळीवर चढवल्यावर ती ऊब लागताच आवळत. हे काम एकदाच व्हायचे होते. तेच वारंवार आणि ठरलेल्या मापाने करून घ्यायचे, तर नेहमीचे गणित अपुरे पडते. पोलाद एक टक्का ताणण्याआधीच कायमचे वाकते, नितिनॉल सुमारे आठ टक्क्यांपर्यंतचा ताण भरून काढतो. शिवाय त्याचे वागणे भार, तापमान आणि आधी काय घडले, या तिन्हींवर अवलंबून असते.

हे वागणे समीकरणांत बसवण्याचे मोठे काम १९८० नंतर झाले. तनाका यांनी १९८६ मध्ये, लियांग आणि रॉजर्स यांनी १९९० मध्ये एका दिशेतील ताणाची प्रारूपे दिली. ब्रिन्सन यांनी १९९३ मध्ये भारामुळे आणि थंडीमुळे होणारे मार्टेन्साइट वेगळे मोजले. बॉइड आणि लागुदास यांचे १९९६ चे आणि ऑरिकिओ व सहकाऱ्यांचे १९९७ चे प्रारूप तिन्ही मितींत चालणारे होते. त्यामुळे वस्तूचे बारीक तुकडे करून प्रत्येकाचा ताण काढणाऱ्या फायनाइट एलिमेंट पद्धतीत ही समीकरणे वापरता आली.

त्याचा थेट फायदा रुग्णांना झाला. मांडीच्या रोहिणीतील नितिनॉलचा स्टेंट, म्हणजे रोहिणी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, चालताना वाकतो, पिळला जातो. शिवाय दहा वर्षांत त्याला सुमारे ४० कोटी ठोके सोसावे लागतात. त्याच्या काड्या जाड केल्या तर रोहिणीला आधार वाढतो, पण काड्यांतील ताणही वाढतो. जाडी, लांबी आणि वळणांची गोलाई बदलत या दोन्हींचा मेळ बसवणे, हेच ऑप्टिमायझेशन. विमानांतही २००५ मध्ये बोइंग ७७७ वर इंजिनाच्या मागच्या कडेचे नितिनॉलयुक्त दाते तपासले गेले. उड्डाणाच्या वेळी ते आत वाकून आवाज कमी करत आणि उंचावरच्या थंडीत सरळ होत. त्यांच्या हालचालीचे अंदाजही अशाच प्रारूपांनी बांधले गेले.

तरीही गणित प्रयोगशाळेवाचून पुरे होत नाही. निकेलचे अणू निम्म्याहून जास्त असताना त्यांचे प्रमाण ०.१ टक्क्याने वाढले, तरी रूपांतराचे तापमान दहाएक अंशांनी उतरते. म्हणून धातूची प्रत्येक खेप आधी मोजावी लागते आणि मगच तिचे आकडे संगणकात भरता येतात.