मुल्की, गैरमुल्की आणि पंधरा वर्षांचा वास

पूर्णेच्या कांठचें सिद्धेश्वर हें आमचें गांव आज हिंगोली जिल्ह्यांत आहे. हा जिल्हा १९९९ सालीं निघाला. तत्पूर्वीं तें परभणी जिल्ह्यांत, आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होतें. त्या राज्याच्या कागदपत्रांत 'मुल्की' हा शब्द संशोधकास वारंवार भेटतो. मुल्की तो सरकारी चाकरीस पात्र, गैरमुल्कीस खास परवानगी लागे, एवढा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. परंतु बाहेरून आलेला मनुष्य कागदाच्या बळावर मुल्की व्हावा काय, या प्रश्नावर जो दीर्घ वाद झाला, त्यांतील विरोधी पक्षाची बाजू नीट तपासलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. तो यत्न येथें करितों.

वादाचें मूळ पहिल्या सालारजंगाच्या दिवाणगिरींत (१८५३–१८८३) आहे. राज्यकारभाराची नवी घडी बसविण्यासाठीं उत्तर हिंदुस्थानांतून जाणते कारभारी आणविले गेले. मोहसिन-उल्-मुल्क मेहदी अली, चिराग अली, सय्यद हुसेन बिलग्रामी हीं त्यांतील ठळक नांवें. यांची लायकी वादातीत होती. परंतु त्यांच्या मागोमाग आणखी मंडळी आली, आणि १८८४ च्या सुमारास दप्तराची भाषा फारसीऐवजीं उर्दू झाली, तेव्हां दख्खनी घराण्यांस तोंडचा घास गेला असें वाटलें. पुढें जून १९१९ च्या (२५ रमजान १३३७ हिजरी) फर्मानास अनुसरून मुल्की कोण याचे नियम ठरले. जन्मसमयीं ज्याचा बाप मुल्की तो मुल्की. पंधरा वर्षें नोकरी झालेल्या सरकारी नोकरास नोकरी चालू असतां झालेलें मूल मुल्की. मुल्कीची बायको मुल्की. राहिलेलें कलम आमच्या विषयाचें: ज्यानें राज्यांत निदान पंधरा वर्षें कायम वास केला, पूर्वस्थळीं परत जाण्याचा विचार सोडला, आणि तसा हलफनामा मॅजिस्ट्रेटकडून साक्षांकित करून घेतला, तोही मुल्की.

संस्कृतज्ञ वाचकांस येथें पाणिनीची आठवण होईल. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत त्यानें निवास व अभिजन यांसाठीं दोन निराळीं सूत्रें केलीं आहेत. आज जेथें राहतों तो निवास; पूर्वज जेथें राहिले तो अभिजन. (खुद्द पाणिनीस शालातुरीय म्हणतात तें अभिजनावरून.) शब्दाचें रूप पुष्कळदां एकच होतें, पण वैयाकरणांनीं अर्थ एक होऊं दिला नाहीं. हैदराबादच्या कलमानें मात्र पंधरा वर्षांच्या निवासास अभिजनाच्या पंक्तीस बसविलें. आमच्या मतें विरोधकांच्या आक्षेपाचें मर्म येथें आहे.

१९३५ च्या सुमारास निघालेल्या निजाम्स सब्जेक्ट्स लीगनें 'हैदराबाद हैदराबादकरांचें' ही घोषणा उचलली; तींत हिंदू व मुसलमान दोन्ही होते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर शेजारच्या प्रांतांतून अधिकारी व कारकून आले, आणि जुनी तक्रार नव्या रूपानें उठली: काल आलेल्यांच्या हातीं मुल्कीपणाचे खोटे दाखले आहेत. १९५२ सालीं वरंगळपासून विद्यार्थी उठले. सप्टेंबरच्या आरंभीं हैदराबादेंत सिटी कॉलेजापाशीं गोळीबार होऊन माणसें मेलीं.

या विरोधांत दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. परका नको, ही एक. खोटा कागद नको, ही दुसरी. पहिली आम्हांस मान्य नाहीं. जो पंधरा वर्षें येथें राबला त्यास परका म्हणणें निष्ठुर आहे, आणि चार पिढ्या मागें गेल्यास आपल्यांतील कोण कोठून आला हें सांगणें अवघड. दुसरी तक्रार मात्र खरी, कारण खोट्या हलफनाम्यानें पहिला अपाय होतो तो खरोखर राहिलेल्याचा. त्याच्याही कागदाकडे मग संशयानें पाहतात. अमेरिकेनें १९८६ सालीं, १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून विनापरवाना राहणाऱ्यांस व कांहीं शेतमजुरांस कायदेशीर वास दिला. सुमारें सत्तावीस लाख लोक त्या वाटेनें कायदेशीर झाले. तेथील विरोधकांनींही हे दोन मुद्दे एका दमांत मांडले, आणि शेतमजुरांच्या अर्जांत बनावट पुरावे पुष्कळ होते असें पुढें आढळलें. तेव्हां हा दोष एकट्या हैदराबादचा नव्हे.

या सर्व गलबल्यांत सिद्धेश्वरचा कुणबी कोठें होता? निवासानें मुल्की, अभिजनानेंही मुल्की. राज्यांत मराठी बोलणारे सुमारें चौथा हिस्सा. पण चाकरीची भाषा उर्दू, आणि १९१८ सालच्या उस्मानिया विद्यापीठाचीही उर्दूच. झगडा मुख्यतः शहरी नोकरवर्गांतला. ज्याचें मुल्कीपण निर्विवाद, त्यास त्याचा उपयोग करण्याची वेळच फारशी आली नाहीं, आणि म्हणून त्याचा कागदही नाहीं. मुल्की पक्षाची बाजू घेणाऱ्यांनीं ही गोष्ट झांकूं नये.

मराठवाडा नोव्हेंबर १९५६ मध्यें मुंबई राज्यांत गेला. तेलंगणांत हे नियम न्यायालयांतून फिरत राहिले, व १९७३ च्या अखेरीस संसदेनें ते रद्द केले. हलफनामे मात्र कोठें ना कोठें असतील. हिंगोली, परभणी, नांदेडकडील जुन्या वकिलांच्या घरचे उर्दू रुमाल संग्राहक सनद नाहीं म्हणून न सोडतांच बाजूस सारतात. ते सोडून पाहावे. हलफनामा मिळाल्यास येण्याची व साक्षीची तारीख टिपावी, सोबत नोकरीचा अर्ज असल्यास त्याचीही. पहिल्या दोहोंत पंधरा वर्षें भरतात कीं नाहीं, आणि अर्ज साक्षीस किती लागून आहे, यावरून खरा रहिवासी व विकतचा कागद वेगळे करण्यास बरीच मदत होईल. अशी एखादी जुडी कोणाकडे असल्यास आम्हांस कळवावें. आमची उर्दू कच्ची आहे, परंतु मोडक्या शिकस्त्याचेंही वाचन करणारा एक शेजारी आम्ही पाहून ठेविला आहे.