खो-खो, महिलांचा : महाविद्यालयीन खेळ व प्रशिक्षण

खो-खो हा मूळचा महाराष्ट्रातील पाठशिवणीचा सांघिक खेळ. त्याची महिलांची शाखा स्वतंत्र इतिहास असलेली आहे, कारण मुलींच्या खेळाला शाळेत मिळालेली मान्यता महाविद्यालयात टिकवणे हा प्रश्न पुरुषांच्या खो-खोपुढे कधीच उभा राहिला नाही. प्रस्तुत लेखात खेळाच्या नियमांपेक्षा खेळाडू विद्यार्थिनी कशी घडते, या बाजूचा विचार प्रामुख्याने केला आहे.

खेळाला नियमबद्ध रूप पुण्यात आले. डेक्कन जिमखान्याने (स्थापना १९०६) १९१४ च्या सुमारास नियम तयार केले व पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ मध्ये नियमावली प्रसिद्ध केली. बडोदे येथील व्यायामसंस्थांनीही स्पर्धांच्या द्वारे खेळाचा प्रसार केला. हा सर्व काळ पुरुषांच्या आखाड्यांचा व व्यायामशाळांचा होता. मुलींसाठी झिम्मा, फुगडी, पिंगा असे सणावारांचे घरगुती खेळ होते. त्यांत दमसास व लवचिकपणा यांचा कस लागे, परंतु हार-जीत, पंच व नियम यांची चौकट नव्हती. उघड्या मैदानावर, परक्या प्रेक्षकांसमोर धावण्याची मोकळीक मिळण्यास प्रथम मुलींच्या शाळा निघाव्या लागल्या. पुण्याची हुजूरपागा (१८८४) व धोंडो केशव कर्वे यांनी स्थापिलेले महिला विद्यापीठ (१९१६) यांसारख्या संस्थांमुळे मुलींचे शिक्षण स्थिरावले आणि शिक्षणाच्या पाठोपाठ कवायत व खेळ शाळेच्या आवारात आले. पोशाखाचा प्रश्न बराच काळ राहिला. बसल्या जागेवरून एका झटक्यात उठून धावणे हा ज्या खेळाचा गाभा, तो लुगड्यात खेळणे किती अवघड, हे सांगावयास नको.

शिक्षकांची उणीव हा दुसरा अडथळा. मद्रास येथे एच. सी. बक यांनी १९२० मध्ये सुरू केलेले वाय.एम.सी.ए.चे महाविद्यालय, अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) व मुंबई सरकारची कांदिवली येथील प्रशिक्षणसंस्था (१९३८) यांमधून शारीरिक शिक्षणाचे जाणकार तयार होऊ लागले. अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. स्वातंत्र्यानंतर ग्वाल्हेर येथे लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय (१९५७) व पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडासंस्था (१९६१) निघाली. तरीही जिल्ह्याच्या गावी मुलींना खो-खो शिकविणारी व्यक्ती बहुधा शाळेतील पी.टी.चे शिक्षक किंवा एखाद्या क्रीडामंडळाचा जुना खेळाडू हीच असे. संध्याकाळी नोकरी आटोपून, मानधनाविना मैदानावर उभे राहणाऱ्या या मंडळींची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही. महिला खो-खोचा पाया मात्र त्यांनीच घातला आहे.

राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांना १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे प्रारंभ झाला. लगतच्या वर्षी, १९६०-६१ मध्ये, कोल्हापूर येथील स्पर्धेत महिलांचा विभाग सुरू झाला. सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूसाठी राणी लक्ष्मीबाई यांच्या नावाचा आणि मुलींच्या गटासाठी जानकी हा पुरस्कार देण्यात येऊ लागला. अर्जुन पुरस्कार मिळविणारी पहिली महिला खो-खोपटू म्हणजे अचला देवरे (१९७१). त्यानंतर नीलिमा सरोळकर (१९७४), सुषमा सरोळकर (१९८१) इत्यादींना तो मिळाला. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत खो-खोचे प्रात्यक्षिक झाले. १९९८ नंतर मात्र या खेळातील कोणासही हा पुरस्कार मिळाला नाही. ही खंड पडलेली परंपरा २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) सारिका काळे यांनी पुन्हा सुरू केली. गुवाहाटी येथील २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या.

प्रशिक्षणाची पद्धती : आठ खेळाडू मध्यपाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात व नववी पाठलाग करते. संरक्षण करणारा संघ तीन-तीन खेळाडूंच्या तुकडीने मैदानात उतरतो. पाठलाग करणारीस एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही व मध्यपाटी ओलांडता येत नाही. धावणारीवर असे बंधन नाही. या विषमतेतूनच खेळाची सारी रंगत निर्माण होते आणि प्रशिक्षणाची दिशाही ठरते. नवशिक्या मुलीला वाटते की जोरात धावले की झाले. चांगला प्रशिक्षक पहिले काही महिने तिला बसावयास शिकवितो. टाचा किती उचलाव्या, हात जमिनीवर कोठे टेकावे, ‘खो’ ऐकताच कोणत्या पायावर भार घेऊन उठावे, याची घोटणी झाल्याखेरीज पुढचे काही देऊ नये. खो पाठीमागून व स्पष्ट उच्चारून द्यावयाचा असतो. घाईने दिलेला चुकीचा खो म्हणजे प्रतिपक्षाला दिलेली विश्रांतीच होय. संरक्षणात एकेका बसलेल्या खेळाडूला वळसा घालीत नागमोडी धावणे ती एकेरी साखळी व दोघींना मिळून वळसा घालणे ती दुहेरी साखळी. या दोहोंमध्ये केव्हा बदल करावा, हूल केव्हा द्यावी, हे पाठ करून येत नाही. सरावसामन्यांतूनच ते अंगी मुरते. खांबाजवळ सूर मारून बाद करण्याचे कौशल्य प्रेक्षकांना फार आवडते. मातीच्या कठीण मैदानावर त्याचा सराव करताना कोपरे व गुडघे सोलवटून निघतात, म्हणून हे कौशल्य शेवटी शिकविणे इष्ट.

मुलींच्या प्रशिक्षणात याखेरीज काही गोष्टी येतात, त्यांविषयी जुन्या पुस्तकांत मौन आढळते. मासिक पाळीच्या दिवसांत सरावाचे प्रमाण, रक्तक्षय, आहार, सराव संपल्यावर घरी पोहोचण्याची वेळ, बाहेरगावच्या सामन्यासाठी पालकांची संमती ही सर्व प्रशिक्षकाचीच कामे ठरतात. अनेक गावांत प्रशिक्षकाने मुलीच्या घरी जाऊन वडिलांशी बोलणे हा प्रशिक्षणाचा अलिखित पहिला धडा असतो.

महाविद्यालयाचे स्थान : कुमारी गटात चमकलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणी अठराव्या वर्षानंतर मैदानावर दिसत नाहीत. विवाह, नोकरीची निकड, गावापासून महाविद्यालयाचे अंतर ही कारणे उघड आहेत. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी २५ वर्षांची वयोमर्यादा असल्याने महाविद्यालयाची पाच-सात वर्षे हाच महिला खेळाडूच्या पक्वतेचा काळ ठरतो. परंतु ७५ टक्के उपस्थितीची अट, सत्रान्त परीक्षा व स्पर्धा यांचे वेळापत्रक एकमेकांना छेद देते. पूर्ण वेळ शारीरिक शिक्षण संचालक असलेल्या महाविद्यालयातही त्याच्याकडे डझनभर खेळ सोपविलेले असतात. म्हणून प्रत्यक्षात शाळा किंवा मंडळ खेळाडू घडविते आणि महाविद्यालय तिला संघाचा पोशाख व प्रवासभत्ता देते, अशी वाटणी झालेली दिसते. ठाणे जिल्ह्यात कोपरखैरण्याचे रा. फ. नाईक विद्यालय किंवा बदलापूरचे शिवभक्त विद्यामंदिर ही नावे मुलींच्या खो-खोत महाविद्यालयांपेक्षा अधिक ओळखीची आहेत, ती यामुळेच.

या बाबतीत अमेरिकेतील महिलांच्या सॉफ्टबॉलचे उदाहरण उद्बोधक ठरेल. १८८७ मध्ये शिकागो येथे जन्मलेला हा खेळ तेथील महाविद्यालयीन मुलींनी आपलासा केला. ओमाहा येथे १९६९ मध्ये त्यांची पहिली महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धा झाली. शिक्षणसंस्थांत लिंगभेदास बंदी करणारा १९७२ चा कायदा आल्यावर मुलींच्या संघांना शिष्यवृत्त्या, मैदाने व पगारी प्रशिक्षक मिळाले. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. कायद्यापूर्वी महिलांच्या महाविद्यालयीन संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. प्रशिक्षकपद पगारी व प्रतिष्ठेचे होताच पुरुष त्याकडे वळले आणि १९८० नंतरच्या दशकात हे प्रमाण निम्म्यापेक्षा खाली गेले. महाराष्ट्रात पैसा आलेला नसतानाही महिला संघांच्या प्रशिक्षकांत पुरुषांचेच प्राबल्य राहिले, हे विशेष. निवृत्त महिला खेळाडूस प्रशिक्षकपदाकडे आणणारी वाट येथे अद्याप अरुंद आहे.

खेळाडूच्या निर्वाहाची सोय काही अंशी शासनाने केली. शिवछत्रपती पुरस्कार, परीक्षेतील वाढीव गुण आणि २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण यांमुळे मुलीचे खेळणे हा वेळेचा अपव्यय नव्हे, असे पालकांस सांगता येऊ लागले. सारिका काळे पुढे तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. या उदाहरणाचा ग्रामीण पालकांवर पडणारा प्रभाव कोणत्याही भाषणाहून मोठा आहे. याउलट २०२२ मध्ये सुरू झालेली खो-खोची व्यावसायिक साखळी स्पर्धा केवळ पुरुषांची होती.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळचा ७८–४० असा पराभव केला. स्पर्धा बंदिस्त प्रेक्षागृहात मॅटवर खेळविण्यात आली. कोकणपट्टीच्या दृष्टीने ही बाब लहान नाही. पनवेलसारख्या गावी महाविद्यालयाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते ते मुसळधार पावसासह, आणि विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची निवड होईपर्यंत मातीचे मैदान वाळलेले नसते. घाटावरच्या संघांना मिळणारे सरावाचे दोन-तीन महिने येथील मुलींना व्हरांड्यात दोरीच्या उड्या मारीत व भिंतीशी बसून उठण्याचा सराव करीत काढावे लागतात. मॅट अंथरलेले एक सभागृह मिळाले, तर ते महिने परत मिळतील.