वैधव्याची कविता आणि जातीचे गणित

इंदिरा संतांची कविता म्हटली की एकटेपणा आणि संयम हे दोन शब्द ठरलेले. हे एकटेपण आले कुठून, हे मात्र कोणी विचारत नाही. आपण विचारले पाहिजे.

इंदिराबाई आपल्याच भागातल्या. तवंदीत बालपण, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात काही शिक्षण, पुढची हयात बेळगावात. १९४६ साली पती ना. मा. संत गेले. त्यानंतर ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५) आणि ‘मृगजळ’ (१९५७) हे संग्रह आले. त्यातले दुःख छंदात बांधलेले आहे आणि ते निसर्गाच्या आडून बोलते. हे आडून बोलणे जात्यावरचे आहे. दळणारी बाई सासरचा जाच पावसाला सांगते, माहेरच्या वाटेला सांगते, घरात कोणाला सांगत नाही. इंदिराबाईंना याची जाण होती. पुढे त्यांनी ‘मालनगाथा’त बायकांच्या ओव्याच गोळा केल्या.

दुःख खरे होते, त्याबद्दल वाद नाही. पण समीक्षक त्याला नशीब म्हणून मोकळे होतात. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात त्याचे गणित मांडले आहे. नवरा मेला की मागे उरलेली बाई जातीबाहेर लग्न करील किंवा जातीतल्या कुमारिकेच्या वाट्याचा पुरुष घेईल, ही जातीची भीती. म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह. म्हणजे विधवेचा संयम हा तिचा स्वभाव नाही, तो जातीच्या कुंपणाचा खांब आहे. आपल्या वस्त्यांत पाट लावायची रीत होती. तिलाच हलकेपणाची खूण ठरवले गेले!

‘शेला’ आला त्याच वर्षी, सप्टेंबर १९५१ मध्ये, बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. हिंदू कोड बिलाची कोंडी हे त्याचे एक मोठे कारण. बाईचा वारसा आणि घटस्फोट संसदेत अडून बसला होता आणि मराठी कवितेत बाई वाट पाहत होती. समीक्षेने या दोन गोष्टी एकत्र वाचल्या नाहीत.

आणि लोकगीत म्हणजे नुसते रडगाणे, हेही खरे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात आपल्या बायांच्या भीमरायाच्या ओव्या आहेत. जाते तेच आणि छंदही तोच, पण तिथे बाई नशिबाला बोल लावत बसत नाही, बाबासाहेबांचे नाव घेऊन दळते.