‘गझनफर’चा वाचक कोण होता?

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला वाचकाचा प्रश्न दोनदा पडतो. एक वाचक मोहल्ल्यातला. तो घरात दखनी बोलतो, शाळेत उर्दू शिकतो आणि बाजारात मराठीत भाव करतो. त्याला आपल्याबद्दल मराठीत काही लिहिले जाते, याचीच खबर नसते. दुसरा वाचक मराठी मुलखातला बिगरमुस्लिम. त्याला खबर असते, पण मुसलमानाचे नाव दिसले की तो धर्माविषयीच काही ऐकायला मिळेल असे धरून बसतो. या दोघांशी एकाच वेळी कसे बोलावे? सोलापुरात हा प्रश्न नवा नाही. या शहराने त्याची उत्तरे वेगवेगळ्या काळात दिली आहेत.

नवी पेठेपासून जवळच चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. त्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर अब्दुल रसूल कुर्बान हुसेन उभे आहेत. मे 1930 मध्ये सोलापुरात उठाव झाला. इंग्रज सरकारने लष्करी कायदा पुकारला. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळून पोलिसांना मारल्याच्या आरोपावरून या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. कुर्बान हुसेन यांनी तेव्हा नुकती विशी ओलांडली होती.

हे आपल्याला शाळेत शिकवतात. कुर्बान हुसेन संपादक होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यांच्या मराठी पत्राचे नाव होते ‘गझनफर’. अरबी शब्द, अर्थ सिंह. नाव अरबी आणि मजकूर मराठी, ही जोडी मला फार बोलकी वाटते. टिळकांच्या ‘केसरी’चा अर्थही सिंहच. नाव आपल्या घरातले ठेवावे आणि बोलावे मात्र साऱ्या गावाशी, असा हा मामला. त्यासाठी त्यांना नाव बदलावे लागले नाही की भाषा सोडावी लागली नाही.

पण ‘गझनफर’चा वाचक कोण? सोलापूर हे गिरण्यांचे गाव. जुनी गिरणी 1877 साली उभी राहिली आणि मग भोंग्यावर चालणारे शहर वाढत गेले. मागांवर तेलुगू बोलणारे पद्मशाली, मोमीन, कानडी बोलणारे लिंगायत, मराठी बोलणारे दलित आणि मराठा असे सगळे. अक्षर ओळखणारे त्यात थोडेच. त्या काळी वर्तमानपत्र एकाने मोठ्याने वाचायचे आणि इतरांनी ऐकायचे, ही सगळीकडचीच रीत होती. म्हणजे पत्राचा खरा वाचक हा बराचसा ऐकणारा होता. कुर्बान हुसेन हे कामगारांमध्ये वावरणारे कार्यकर्ते होते. ज्यांच्यासाठी लिहायचे, त्यांच्या भोंग्याची वेळ त्यांना ठाऊक होती.

दुसरे उदाहरण याच जिल्ह्यातले. 1916 साली बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख. गिरणीतले काम, कामगार चळवळ आणि तुरुंग यांतून ते घडले. पुढे अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज मैदाने भरून टाकी. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रहही निघाले, पण लोकांनी त्यांना आधी कानांनी वाचले. समोरचा माणूस त्यांना मुसलमान शाहीर म्हणून ऐकत नव्हता. त्याच्या पोटाचा आणि राज्याचा प्रश्न शाहीर मांडत होता, म्हणून ऐकत होता.

तिसरा टप्पा 1990 चा. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरले. त्यामागच्या धडपडीत संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणारे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आघाडीवर होते. मुसलमानाचे रोजचे जगणे, त्याची जात, गरिबी, बोली हे सारे मराठी साहित्यात यावे, ही मागणी तिथून ठामपणे पुढे आली. लिहिणाऱ्याला हक्काचा मंच मिळाला. ही मोठी गोष्ट झाली. पण मंच लेखकाला मिळतो. वाचक तिथे आपोआप येऊन बसत नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. वर्गातली मुले ‘दुकान’, ‘हिशोब’, ‘वकील’, ‘कागद’ हे शब्द दोन्ही वह्यांत लिहितात. लिपी बदलते, शब्द तोच राहतो. या मुलांना मराठी परकी नाही. मराठी पुस्तकात त्यांची अम्मी, त्यांची गल्ली, त्यांच्या बापाचा माग सापडत नाही, म्हणून पुस्तक परके वाटते. उलट बाजूला, आपले बरेच लेखन हल्ली जबानी दिल्यासारखे असते. ‘आम्ही तसे नाही’ हे सांगण्यातच लेख संपतो. आरोप करणारा तेवढा डोळ्यांपुढे असतो आणि शेजारी बसलेला माणूस विसरला जातो. खोट्याला उत्तर द्यायलाच हवे, पण एखाद्या समाजाचे सगळे साहित्य उत्तरादाखल लिहिले जाऊ लागले, तर त्याचे स्वतःचे बोलणे कधी होणार?

कुर्बान हुसेन आणि अमर शेख यांचे दिवस सोपे नव्हते. तरी त्यांच्या शब्दाला माणूस मिळाला, कारण त्या माणसाचे दुखणे त्यांना आधीपासून माहीत होते. आपल्या लिहिणाऱ्यांनी एवढे जरी केले तरी पुष्कळ होईल. लेख छापण्याआधी तो मोहल्ल्यातल्या एखाद्या विणकराला, एखाद्या विडी कामगार बाईला मोठ्याने वाचून दाखवावा. ती कुठे मान डोलावते आणि कुठे चुळबूळ करते, ते पाहावे. आणि मग तोच लेख, एक शब्दही न बदलता, पलीकडच्या पेठेतल्या वाचकापुढे ठेवावा.